फोन गुळण्या करतोय

मावशींचा माझ्या मोबाइलवर फोन आला. "अगं, ताई बरी आहे ना? मगाशी बोलत होती ते नुसतं गुळण्या केल्यासारखं. एक शब्द कळला असेल तर शपथ."

ताई, म्हणजे माझ्या सासूबाई, पलीकडच्या खोलीत ठणठणीत बसल्या होत्या. त्यांच्या मते फोनही ठणठणीत होता. धाकट्या बहिणीचा आवाज त्यांना अगदी शेजारी बसून बोलल्यासारखा ऐकू येत होता. "तिचेच कान गेले असतील," असा निकाल देऊन त्या मोकळ्या झाल्या.

हा संवाद जसाच्या तसा लिहितेय, कारण निम्मं उत्तर त्यातच होतं. ते माझ्या डोक्यात शिरायला जवळजवळ दोन महिने गेले.

आधी आमची मांडणी सांगते. घरातली जुनी तांब्याच्या तारेची लाइन बंद करून आम्ही इंटरनेटवरून चालणारा फोन घेतला. नंबर तोच राहिला, हँडसेटही तोच, सासूबाईंचा तो जड, ठसठशीत आकड्यांचा. मध्ये फक्त एक मूठभर डबा आला, त्याला अ‍ॅडॅप्टर म्हणतात. एका भोकात फोनची वायर, दुसऱ्यात इंटरनेटची. सासूबाईंचं वय ७९. मोबाइल त्यांना कानाला पाटी लावल्यासारखा वाटतो, त्यामुळे फोन हाच. रोज संध्याकाळी साडेसातला दोघी बहिणी अर्धा-पाऊण तास बोलतात. कधी ही लावते, कधी ती. राउटर बाहेरच्या खोलीत आणि फोन सासूबाईंच्या खोलीत, म्हणून तिथे मी वायफाय रिपीटर (राउटरचं वायफाय पकडून पुढे पोचवणारा डबा) लावला होता आणि अ‍ॅडॅप्टर त्याला जोडला होता. मला तेव्हा ते फार हुशारीचं वाटलं होतं.

पहिलं काम केलं ते म्हणजे स्पीड टेस्ट. डाउनलोड ४८, अपलोड साडेनऊ. प्लॅन ५० आणि १० एमबीपीएसचा, म्हणजे मिळायला हवं ते मिळत होतं. तरीही नवरा म्हणाला, नेट कमी पडत असेल, मोठा प्लॅन घेऊ. घेतला. १५०चा. त्याच्याबरोबर कंपनीनं नवाकोरा राउटर दिला, चार अँटेनांचा. संध्याकाळी मावशी म्हणाल्या, "आता तर अजूनच बिघडलंय."

त्या रात्री बसून मी ती बेरीज केली, जी प्लॅन घ्यायच्या आधी करायला हवी होती. मी हिशेब तपासायचं काम करते, घरूनच. दुसऱ्यांच्या वह्यांमध्ये अर्ध्या पैशाची चूक काढणारी बाई स्वतःच्या घरात आकडा न मांडता प्लॅन बदलते, याला काय म्हणावं!

तर आकडा असा. टेलिफोनचा आवाज आकड्यांत उतरवायची जुनी आणि अजूनही सगळीकडे चालणारी पद्धत म्हणजे जी.७११. सेकंदाला ८,००० वेळा आवाज मोजायचा, प्रत्येक मोजणीला ८ बिट. झाले ६४,००० बिट. हा आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापतात, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. प्रत्येक पाकिटात आवाज १६० बाइट आणि वर पत्ता, क्रमांक वगैरे लिहिलेला ४० बाइटचा लखोटा. २०० बाइट गुणिले ५० गुणिले ८, बरोबर ८०,००० बिट. ८० केबीपीएस. जाताना तेवढं आणि येताना तेवढं. खाली लाइनचं आपलं थोडं ओझं असतं, ते धरून ९०च्या आत. आणि माझा अपलोड होता १० एमबीपीएस, म्हणजे १०,००० केबीपीएस. म्हणजे माझ्या घरातून एकाच वेळी शंभर सासूबाई बोलू शकल्या असत्या. (नवऱ्याला हे वाक्य आवडलं नाही.)

वेगाचा प्रश्न तिथेच निकाली निघाला. मग बिघडतंय काय?

आम्ही पूर्वी वह्या जुळवायचो तेव्हा दोघं बसायचो. एक जण आकडे मोठ्यानं वाचणार, दुसरा समोरच्या वहीत खूण करणार. वाचणारा सावकाश वाचत असला तरी काही बिघडत नाही. पण तो मधेच गप्प झाला आणि मग पाच आकडे भडाभडा एकदम म्हणाला, तर खूण करणाऱ्याची दाणादाण. फोनचंही तसंच आहे. दर २० मिलिसेकंदांनी एक पाकीट यायला हवं. ते कधी ५ मिलिसेकंदांनी, कधी १२० मिलिसेकंदांनी यायला लागलं की त्या चढउताराला जिटर म्हणतात. पलीकडचं यंत्र थोडी सोय ठेवून असतं. आलेली पाकिटं काही क्षण धरून ठेवतं आणि मग एका लयीत वाजवतं. पण त्या सोयीपेक्षा उशिरा आलेलं पाकीट सरळ फेकून दिलं जातं, कारण वाक्य पुढे गेलेलं असतं. वेबसाइट उघडताना एखादं पाकीट हरवलं तर ते पुन्हा मागवता येतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. बोलण्यात पुन्हा मागवायला वेळच नसतो. एक-दोन पाकिटं गळली तर यंत्र आधीच्या आवाजावरून ती जागा भरून काढतं. सलग गळली की मग त्या गुळण्या.

स्पीड टेस्ट यातलं काहीच सांगत नाही. ती फक्त किती भरलं ते सांगते, लय सांगत नाही.

लय पाहायला पिंग पुरतं: एक छोटं पाकीट पाठवायचं आणि त्याचं उत्तर किती मिलिसेकंदांत आलं ते पाहायचं. लॅपटॉपवर कमांडची काळी खिडकी उघडायची, पिंग लिहून राउटरचा पत्ता द्यायचा (आमचा १९२.१६८.१.१, बहुतेक घरांत असाच काहीतरी असतो) आणि विंडोज असेल तर शेवटी हायफन टी लावायचं, म्हणजे ते थांबवेपर्यंत चालू राहतं. दुसरी खिडकी उघडून त्यात फोन कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता द्यायचा. तो अ‍ॅडॅप्टरच्या सेटिंगमध्ये लिहिलेला असतो. दोन्ही खिडक्या शेजारी-शेजारी ठेवायच्या. पहिलीत आकडे उड्या मारत असतील तर चोर घरात. पहिली शांत आणि दुसरी उड्या मारतेय, तर राउटरच्या पलीकडे. एवढी एक गोष्ट मला पहिल्या दिवशी कोणी सांगितली असती तर नव्या प्लॅनचा खटाटोप वाचला असता.

लॅपटॉप घेऊन सासूबाईंच्या खोलीत बसले आणि रिपीटरच्या वायफायला जोडून राउटरला पिंग केलं. ३, ४, ३, १८५, ६, ३, ९०, मग एक "रिक्वेस्ट टाइम्ड आउट", परत ४. घरातल्या घरात! रिपीटरचं दुखणं असं की तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि तोच मजकूर पुन्हा ओरडून पुढे सांगतो. शेजारीपाजारी त्याच चॅनलवर बोलत असतील तर बिचारा आपली पाळी येईपर्यंत थांबतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच, १, ६ आणि ११. आमच्या आजूबाजूला मोबाइलवर पाहिलं तर चौदा वायफाय दिसत होते. व्हिडिओ पाहताना हे कधी जाणवत नाही, कारण व्हिडिओ काही सेकंद पुढचा भरून ठेवतो. जिवंत बोलणं पुढचं भरून कुठून ठेवणार?

नवऱ्याचा संशय मायक्रोवेव्हवर होता. तोही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो, त्यामुळे संशय अगदीच खुळचट नव्हता. आम्ही तो चालू-बंद करून पाहिला. आमच्या खटल्यात तो निर्दोष सुटला.

मी वीस मीटरची लॅन केबल आणली आणि एका रात्रीपुरती सरळ जमिनीवरून टाकली, राउटरपासून अ‍ॅडॅप्टरपर्यंत. सासूबाई दोनदा म्हणाल्या, पायात येतंय. पण पिंग? १, १, १, १, १. ज्यांना कोणाला हा त्रास आहे त्यांनी बाकी काही करण्याआधी एक संध्याकाळ हे करावं. भिंतीला खिळे ठोकायची घाई नको, आधी जमिनीवरून ओढून पाहा. आम्ही आठवडाभरानं ती भिंतीच्या कडेनं नीट बसवली.

दुपारचे फोन त्या दिवसापासून सुधारले. साडेसातचा फोन मात्र तसाच. आणि मधल्या काळात दुसरंच एक भूत आलं होतं.

नवा राउटर आल्यापासून बाहेरून आलेला फोन उचलला की थोड्या वेळानं कट व्हायचा. मी हेल्पलाइनला फोन केला. इंटरनेट एका कंपनीचं, फोन दुसऱ्या कंपनीचा, आणि दोघांचंही एकमेकांकडे बोट. "मॅडम, राउटर रीस्टार्ट करून बघितलात का?" हे मी इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे फोन लावल्या लावल्या मीच म्हणायचे, रीस्टार्ट केलाय, पुढे बोला. एकदा हुशारी म्हणून मी त्यांना ट्रेस रूटचा (पाकीट वाटेत कुठून कुठून जातं ते दाखवणाऱ्या चाचणीचा) निकालही वाचून दाखवला: मधल्या अमुक ठिकाणी शंभर टक्के पाकिटं गळतात! पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, शेवटच्या ओळीत किती गळतात?" शून्य. मधले राउटर दुसऱ्यांची पाकिटं पुढे ढकलतात, पण स्वतःला विचारलेल्या प्रश्नांना उत्तर द्यायचा कंटाळा करतात, मुद्दामच तसं ठेवलेलं असतं. शेवटच्या ओळीपर्यंत गळती टिकली तरच ती खरी. मी फोन ठेवला आणि थोडा वेळ कोणाशी बोलले नाही.

वहीची कल्पना तेव्हा सुचली. सासूबाईंना म्हटलं, "आई, प्रत्येक फोनचं लिहून ठेवाल का? तारीख, वेळ, कोणी लावला, काय झालं." त्यांनी जुन्या डायरीतली कोरी पानं काढली, पट्टीनं चार रकाने आखले. नोंदी वाचण्यासारख्या आहेत. "हिनं लावला. हॅलो झालं, कशी आहेस झालं, गुडघ्याचं विचारलं, कट." दुसऱ्या दिवशी: "हिनं लावला. गुडघ्यापर्यंत आलो, कट." मग: "मी लावला. कट नाही. पण तिला नीट ऐकू येत नाही म्हणते." तिसऱ्या दिवसापासून त्या भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत बोलायला लागल्या. "कट, ३२ सेकंद." "कट, ३२." "परत ३२."

मला वही दाखवून म्हणाल्या, "हे कोणीतरी मुद्दाम करतंय. बिघाड इतका वक्तशीर नसतो."

किती बरोबर! पुढच्या फोनला मी हेल्पलाइनवर एवढंच म्हटलं की फक्त येणारे फोन, उचलल्यावर ३२ सेकंदांनी कट, दोन्हीकडचा आवाज तोपर्यंत व्यवस्थित. तिकडची मुलगी लगेच म्हणाली, "मॅडम, तुमच्या राउटरमध्ये एसआयपी एएलजी चालू असेल, ते बंद करा." आकडा ऐकताच आजार ओळखला तिनं.

नंतर मी वाचलं ते असं. फोन लावणं, उचलणं, ठेवणं हे सगळं एसआयपी नावाच्या भाषेत चालतं. तिचा आजचा नियमग्रंथ २००२ सालचा, आरएफसी ३२६१. आपण फोन उचलला की आपला अ‍ॅडॅप्टर "उचलला" असा निरोप पाठवतो आणि तिकडून "पोचला" अशी पोच यायची वाट पाहतो. पोच नाही आली तर तोच निरोप पुन्हा, पुन्हा. किती वेळ? नियमात मूळ माप अर्ध्या सेकंदाचं आणि मुदत त्याच्या ६४ पट. अर्धा गुणिले चौसष्ट, बत्तीस. तेवढ्यात पोच आली नाही की अ‍ॅडॅप्टर समजतो की पलीकडे कोणी नाहीच, आणि फोन ठेवून देतो. दोघी बहिणी मजेत बोलत असतात ते त्याला ठाऊक नसतं, कारण आवाज वेगळ्या वाटेनं जातो आणि निरोप वेगळ्या.

पोच हरवत होती ती राउटरच्या आगाऊपणामुळे. घरातल्या यंत्रांचे पत्ते हे घरापुरते असतात, बाहेरच्या जगात ते चालत नाहीत. एसआयपीचे निरोप मात्र आपला पत्ता मजकुराच्या आतही लिहितात. म्हणून काही राउटर ते पाकीट फोडून आतला पत्ता दुरुस्त करतात, त्या सोयीचं नाव एएलजी. हेतू चांगला आहे. पण आजकाल फोन कंपनीचे सर्व्हर हे स्वतःच निस्तरतात, आणि एकाच नोंदीत दोन कारकुनांनी आपापली दुरुस्ती केली की वहीचं काय होतं ते मला विचारा. कधी फोन अर्ध्यात कटतो, कधी एकाच बाजूचा आवाज जातो, कधी फोन वाजतच नाही.

राउटरच्या सेटिंगमध्ये खूप खोलवर ती खूण सापडली, काढली, राउटर आणि अ‍ॅडॅप्टर दोन्ही बंद-चालू केले. भूत उतरलं. काही राउटरांमध्ये ही खूण आपल्याला दिसतच नाही, तेव्हा इंटरनेट कंपनीला सांगून काढून घ्यावी लागते. किंवा फोन कंपनी देत असेल तर अ‍ॅडॅप्टर टीएलएसवर टाकावा, म्हणजे निरोप कुलूपबंद जातात आणि राउटरला आत हात घालता येत नाही. जाता जाता त्या मुलीनं अ‍ॅडॅप्टरमध्ये कीप-अलाइव्हही चालू करायला लावलं. बराच वेळ काही हालचाल नसली की राउटर बाहेरून आत यायची वाट बुजवून टाकतो आणि मग येणारा फोन वाजत नाही. दर काही सेकंदांनी एक छोटं पाकीट पाठवत राहिलं की वाट उघडी राहते. आमचे दुपारचे काही फोन वाजायचे नाहीत, ते त्यामुळेच असणार.

राहिला साडेसातचा प्रश्न. वही एव्हाना चार आठवड्यांची झाली होती. एका शनिवारी मी ती एक्सेलमध्ये उतरवली, हात शिवशिवत होतेच. "नीट ऐकू येत नाही म्हणते" अशा सगळ्या नोंदी वेगळ्या काढल्या. सगळ्या साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान. सोमवार ते शनिवार. रविवारी एकही नाही.

सासूबाईंचं म्हणणं, "रविवारी लोक कमी बोलत असतील." माझं म्हणणं होतं की संध्याकाळी सगळा परिसर इंटरनेटवर असतो, लाइन तुंबत असेल. पण मग रविवार सगळ्यात वाईट हवा होता. सोमवार ते शनिवार संध्याकाळी साडेसात... हे वेळापत्रक कुठेतरी पाहिलंय असं वाटत राहिलं. आणि मग समोरच्या लॅपटॉपकडे लक्ष गेलं. ते माझंच होतं. सहा दिवस काम, सात वाजता आवरणं, आणि साडेसातला दिवसभराच्या फायली आपोआप बॅकअपला क्लाउडवर जायला लागतात. स्कॅन केलेली कागदपत्रं, दीड-दोन जीबी.

खात्री करायला फोन कंपनीच्या सर्व्हरला पिंग लावलं. १२, १२, १३, १२. मग बॅकअप हातानं सुरू केला. ४०. १६०. ३९०. ७००. ८१०. थांबवला, दोन-तीन सेकंदांत परत १२. नवऱ्याला बोलावून दाखवलं, मुलीला दाखवलं, शेवटी सासूबाईंनाही दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तू."

मी.

हे का होतं ते कळलं तेव्हा जरा मजा वाटली. राउटर आणि मोडेममध्ये पाकिटांसाठी रांगेची जागा असते. मेमरी स्वस्त झाली तशी ही जागा उदारपणे मोठी ठेवली गेली, एकही पाकीट वाया जाऊ नये म्हणून. समजा ती रांग दहा लाख बाइटची आहे, म्हणजे ८० लाख बिट. आमचा अपलोड सेकंदाला एक कोटी बिट. तर रांगेच्या शेपटाला उभ्या राहिलेल्या पाकिटाला बाहेर पडायला ०.८ सेकंद. बॅकअप ती रांग काठोकाठ भरून ठेवतो, आणि सासूबाईंचं २०० बाइटचं चिमुकलं पाकीट त्या गर्दीत मागे उभं. त्याला फक्त ८० केबीपीएस हवे असतात, पण रांग कोणाला ओळखत नाही. रांग पूर्ण भरली की नवं येणारं पाकीट दारातूनच परत, मग ते बॅकअपचं असो की गुडघ्याच्या चौकशीचं.

या प्रकाराला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या प्रोग्रामरनं २०१०च्या सुमारास आपल्या घरातल्याच नेटवर्कवर, मोठ्या फायली पाठवत असताना, हे पकडलं आणि जगाच्या मागे लागून लागून दाखवलं. माणूस काही नवशिका नव्हता, एक्स विंडो सिस्टिमच्या (युनिक्स संगणकांच्या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रणालीच्या) मूळ कर्त्यांपैकी एक. त्यालाही ते स्वतःच्या घरात सापडावं याचा मला उगीचच आधार वाटला.

आणि आता परत पहिल्या दिवशीच्या फोनवर या. सासूबाईंना मावशींचा आवाज स्वच्छ, मावशींना सासूबाईंचा फुटका. मावशींचा आवाज आमच्याकडे येतो तो डाउनलोडनं, ती वाट मोकळी. आमचा आवाज जातो अपलोडनं, तिथे रांग. "कोणाला ऐकू येत नाही?" एवढ्या प्रश्नाचं उत्तर त्या पहिल्या दोन मिनिटांत माझ्या हातात होतं आणि मी डाउनलोड वाढवून आले! नव्या प्लॅनमध्ये डाउनलोड तिप्पट झाला होता. अपलोड होता तेवढाच, दहा. हे मी प्लॅन घेताना वाचलंही नव्हतं.

दुसरी खूणही समोर होती. साडेसातच्या फोनवर दोघी एकदम बोलायच्या, मग दोघी एकदम थांबायच्या, मग दोघी "बोल, बोल" म्हणायच्या. मी म्हणायचे, स्वभावच आहे दोघींचा. टेलिफोनवाल्यांच्या जी.११४ या शिफारशीत एका दिशेनं साधारण १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बोलण्यात जाणवत नाही असं धरलंय. आमचा पाऊण सेकंदावर गेला होता. समोरची गप्प आहे असं वाटून आपण बोलायला लागावं, आणि तिचं वाक्य वाटेत असावं.

उपाय पहिल्यांदा अगदी साधा केला: बॅकअपची वेळ रात्री दोनवर नेली आणि त्या प्रोग्राममध्येच त्याला तीन एमबीपीएसची मर्यादा घातली. त्या संध्याकाळी मावशी म्हणाल्या, "ताईचा आवाज आला बाई एकदाचा." पण घरात मुलीचा मोबाइल आहे, त्यातले फोटो वर जात असतात, उद्या आणखी काही येईल. म्हणून राउटरमध्येही सोय केली. यावर खरं औषध म्हणजे हुशार रांग. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२मध्ये कोडेल नावाची पद्धत मांडली, पाकीट रांगेत किती वेळ उभं आहे ते पाहून गर्दी छाटणारी. तिच्यावर बेतलेली एफक्यू-कोडेल प्रत्येक संभाषणाला वेगळी रांग देते, त्यामुळे बारीक पाकिटांना मोठ्यांच्या मागे ताटकळावं लागत नाही. काही राउटरांत ती एसक्यूएम या नावाखाली सापडते. आमच्या चार अँटेनावाल्यात नव्हती. होतं ते साधं क्यूओएस, म्हणजे कोणाचं पाकीट आधी सोडायचं ते ठरवायची सोय. त्यात अ‍ॅडॅप्टरला सगळ्यात वरचा मान दिला आणि एकूण अपलोड ९ एमबीपीएस लिहिला.

नवरा म्हणाला, दहा मिळतात तर नऊच का? प्रश्न रास्त आहे. दहा लिहिले तर रांग पुढे मोडेममध्ये लागते, जिथे आपलं काही चालत नाही. थोडं कमी लिहिलं की रांग आपल्या राउटरमध्येच लागते, आणि तिथे कोणाला आधी सोडायचं ते आपण ठरवतो. मात्र हे अपलोडपुरतं नीट चालतं. येणाऱ्या गर्दीवर असा ताबा नसतो, आणि घराबाहेर पडल्यावर आपलं पाकीट महत्त्वाचं आहे असं कितीही लिहा, पुढचे लोक मानतीलच असं नाही.

मधल्या काळात मी आणखीही उचापती केल्या, त्यांचा काही उपयोग झाला नाही. अ‍ॅडॅप्टरमध्ये जी.७११ऐवजी जी.७२९ ही आवाजाची दुसरी पद्धत निवडून पाहिली, जी आवाज ८ केबीपीएसमध्ये भागवते. रांग जिथल्या तिथे असल्यानं फरक शून्य आणि आवाज मात्र डब्यातून आल्यासारखा. परत जी.७११वर आले. एक खरखर होती ती हँडसेटच्या गुंडाळी वायरची निघाली, वायर बदलली, गेली. त्यासाठी दुसरा फोन थेट अ‍ॅडॅप्टरला लावून पाहायचा, दोन मिनिटांचं काम. पण भिंतीतल्या जुन्या टेलिफोनच्या तारांना अ‍ॅडॅप्टर जोडायचा मोह होत असेल तर बाहेरून येणारी जुनी लाइन आधी पूर्ण तोडलेली आहे याची खात्री करा. त्या तारांत एक्स्चेंजची वीज असते, अ‍ॅडॅप्टरही स्वतःची वीज सोडतो, आणि दोघांची गाठ पडली तर डबा जातो. आणि हो, वीज गेली की हा फोन बंद, जुना चालायचा. राउटर, मोडेम आणि अ‍ॅडॅप्टर तिघांनाही बॅटरीवर घ्यावं लागतं.

एवढं सगळं झाल्यावर मागच्या आठवड्यात सासूबाईंनी नवी तक्रार काढली. त्यांना स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. प्रत्येक वाक्य संपलं की शेपटासारखं मागून. या वेळी मी कशालाही हात लावला नाही. आधी विचारलं: कोणाला ऐकू येतो? फक्त त्यांना. मावशींना नाही. म्हणजे कारण मावशींकडे. प्रतिध्वनीचं गणित उलटं असतं, ज्याला ऐकू येतो त्याच्याकडे बहुतेकदा खोट नसते. आपला आवाज पलीकडे स्पीकरमधून बाहेर पडतो, तिथल्याच माइकमध्ये शिरतो आणि घरी परत येतो. जुन्या लाइनवरही थोडाफार यायचा, पण इतक्या झटकन की कानाला वेगळा वाटायचा नाही. इंटरनेटवर मधे थोडा वेळ जातो, म्हणून तो सुटा ऐकू येतो.

मावशींना फोन केला. झालं होतं असं की दोन महिने ताईचं बोलणं कळत नाही म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला होता, आवाज पूर्ण वर. आता सगळं स्वच्छ झालं तरी सवय राहिली. म्हटलं, "मावशी, एकदा स्पीकर बंद करून कानाला लावता का?" लावला. इकडे सासूबाईंचा प्रतिध्वनी त्याच क्षणी गेला. म्हटलं, "बघा, आता असाच धरा." त्या म्हणाल्या, "अगं, पण स्पीकरवर दोन्ही हात मोकळे राहतात."

निदान आवाज थोडा खाली करा, इतपत तडजोड मी मागितली आहे. वही चालूच आहे. कालची नोंद:

"७:३०. मी लावला. ४० मिनिटं. कट नाही. तिला सगळं ऐकू येतं. मला माझंच परत ऐकू येतं. तिला सांगितलं. ऐकत नाही."